बायसन मारायला येतेस का?

वीकेंडला शिकार? ऐकायला एकदम थ्रिलिंग! पण 'हो' म्हणण्याआधी सातबारा कुणाच्या नावावर आहे, तेवढं विचारून घ्या.

ट्रेकिंग झालं. राफ्टिंग झालं. कामशेतला पॅराग्लायडिंग करून त्याचे फोटोही टाकून झाले. सोमवारी ऑफिसात 'वीकेंडला काय केलं?' या प्रश्नाला आता नवीन काय सांगायचं, हा तमाम पगारदार तरुणाईपुढचा गंभीर प्रश्न आहे. गेल्या नोव्हेंबरात त्याचं एक उत्तर आपणहून माझ्याकडे आलं. जर्नलिझमच्या कोर्सला माझ्यासोबत असलेला एक मित्र, मूळचा उमरखेड तालुक्यातला, आता हिंजवडीत नोकरीला. त्याने सरळ विचारलं, "बायसन मारायला येतेस का?"

प्लॅन तयार होता. दोन गाड्या, सात जण. चुलतभावाच्या ओळखीतला एक बंदूकवाला आणि त्याचा भलामोठा सर्चलाइट. शनिवारची रात्र शेतात, रविवारी चुलीवरचं मटण, सोमवारी सकाळी लॉगिन. वर समाजसेवेची फोडणी होतीच. "अगं, शेतकऱ्यांना मदतच होते. पार वाट लावतात ती जनावरं पिकाची."

आता तुम्ही म्हणाल, यात विचार करण्यासारखं काय आहे? शिकार बेकायदा आहे, विषय संपला. बॉस, इतकं सोपं असतं तर हा कॉलम इथेच संपवून मी चहाला गेले असते. कारण मित्राच्या बोलण्यातला शेवटचा भाग, पिकाची वाट लागते तो, शंभर टक्के खरा आहे. आणि त्या भागात जनावर मारायला सरकारच परवानगी देतं, हेही अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मात्र आमंत्रणात कुणी सांगत नाही.

मुळात बायसन कुठला?

उमरखेड म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचं दक्षिण टोक. जिल्ह्याच्या गावापेक्षा नांदेड जवळ. मध्ये पैनगंगा. अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. ढाणकी, बिटरगावच्या बाजूला गेलात की जंगल सुरू होतं आणि तिथेच पैनगंगा अभयारण्य आहे. पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा बघायला गेला असाल तर हा मुलूख तुम्ही पाहिलाय. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, पाण्याची सोय असेल तिथे ऊस आणि हळद. शेताचा बांध संपतो तिथे जंगल सुरू होतं, आणि जनावरांना बांध कळत नाही.

मी मित्राला विचारलं, तुमच्या शेतात येणारा बायसन दिसतो कसा? तो म्हणाला, मोठा असतो, काळपट, घोड्यासारखा पळतो. पाठीकडे उतार. मी म्हटलं, अरे, हा तर रोही!

रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी ती गाय नाही, कुरंग म्हणजे अँटिलोप आहे. आपण ज्याला 'बायसन' म्हणतो तो गवा. तोही खरं तर बायसन नाहीच. इंग्रज साहेबाला तो बायसनसारखा वाटला आणि ते नाव चिकटलं. खरे बायसन दोनच, एक अमेरिकेतला आणि एक युरोपातला. आपला गवा म्हणजे रानटी गोवंशातला सगळ्यात दांडगा गडी. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, आणि चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा दिसतो. तो भेटतो राधानगरीत, कोयना-चांदोलीत, मेळघाटात, ताडोबात. राधानगरीचं दाजीपूर तर 'बायसन अभयारण्य' म्हणूनच फेमस झालं. कोल्हापूरच्या महाराजांचं हे शिकारीचं जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झालं.

हा फरक प्राणिशास्त्राच्या परीक्षेपुरता नाही. रात्री सर्चलाइटमध्ये चमकतात ते फक्त डोळे. त्या डोळ्यांमागे रोही आहे, डुक्कर आहे की शेजारच्याची सुटलेली म्हैस, हे सात जणांच्या कल्लोळात कोण ठरवणार? दिवसाउजेडी गप्पा मारतानाही ज्यांना नाव सांगता येत नाही, त्यांनी अंधारात बंदूक रोखायची, हा प्लॅनमधला पहिला घोळ.

'मी फक्त बघायला गेलो होतो'

आता कायद्याचं. बोअर करत नाही, कामापुरतंच सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. गवा त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे त्याला मारलं तर ३ ते ७ वर्षं कैद आणि २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार किमान २५ हजार रुपये दंड. अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली, तर प्राणी कुठलाही असो, शिक्षा हीच.

पण खरी गंमत 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत आहे. गोळी झाडणं म्हणजेच शिकार असं कायदा म्हणत नाही. फासे लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं, हाकारा करून जनावराला पळवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारच. मदत करणाराही त्यात आला. सर्चलाइट धरणारा, गाडी चालवणारा, 'अरे तो बघ, तो बघ' म्हणून ओरडणारा, सगळे त्यात येऊ शकतात. आणि गुन्ह्यात वापरलेली गाडी जप्त होऊन सरकारजमा होण्याची तरतूदही आहे. ईएमआय मात्र चालूच राहणार. बँकेला रोही काय अन् गवा काय!

मग 'सरकारच परवानगी देतं' हे काय प्रकरण आहे? तेही खरं आहे. पिकाचं किंवा माणसांचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना मारायची परवानगी कायद्यातच आहे, आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून रोही आणि रानडुकरांच्या बाबतीत ही वाट शेतकऱ्यांसाठी जरा सोपी केली. पण ती परवानगी लेखी असते, कारण दाखवून दिलेली असते आणि ती मिळते नुकसान झालेल्या शेतकऱ्यासाठी, त्याच्या पिकासाठी. पुण्याच्या पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी नाही. शिवाय असा मारलेला प्राणी सरकारच्या मालकीचा होतो. म्हणजे रविवारचं ते चुलीवरचं मटण प्लॅनमधून कायदेशीररीत्याच बाद!

मित्राकडे असा कागद होता का? नव्हता. बंदूकवाल्याचा परवाना? "असेल ना गं."

मटण खाताना चालतं?

इथे मित्राने हुकमी पत्ता काढला. "तू मटण खातेस ना? मग बकरा चालतो आणि रोही का नाही?"

प्रश्न रास्त आहे. मी मटण खाते, आणि चवीने खाते. त्यामुळे जीवहत्येवर प्रवचन देण्याचा मला काही अधिकार नाही. शिकार म्हटली की ती वाईटच, असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेचं बघा. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर खऱ्याखुऱ्या बायसनांचा कळप इतका वाढला, की पाण्याचे झरे आणि गवताळ जागा तुडवल्या जायला लागल्या. २०२१ मध्ये नॅशनल पार्कने काही बायसन मारायला नेमबाज स्वयंसेवक मागवले. अर्ज आले ४५ हजारांवर, घेतले १२. आधी नेमबाजीची परीक्षा. मेलेलं जनावर गाडीने आणायचं नाही, पायी वाहून आणायचं. एवढं सगळं करून त्या मोहिमेत बायसन मारले गेले चार!

तुमचा फिनिक्समधला एखादा मित्र त्या ४५ हजारांत असेलही, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. तिथे मोजणी होती, कारण होतं, परीक्षा होती आणि 'आता बस' म्हणणारं कुणी तरी होतं. आपल्या दोन गाड्यांच्या प्लॅनमध्ये यातलं काय होतं? सर्चलाइट!

आणि सगळा सरकारी सरंजाम असला तरी शिकार किती अवघड जाते, हे यवतमाळ जिल्ह्याला कुणी सांगायची गरज नाही. उमरखेडपासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघिणीचं प्रकरण झालं. वनखात्याच्या भाषेत टी-१. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लावले गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि कोर्टाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. मग कॅमेरे आले, हत्ती आले, अगदी कॅल्विन क्लाइनचा 'ऑब्सेशन फॉर मेन' हा परफ्युम जंगलात शिंपडून तिला बोलवायची टूम निघाली. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री खासगी नेमबाजाच्या गोळीने ती मेली. मागे दोन बछडे राहिले. बेशुद्ध करण्याचे नियम पाळले की नाही, यावर नंतर केवढा गदारोळ झाला! त्या गावांतल्या बायाबापड्यांची भीती खरी होती आणि वाघिणीसाठी हळहळणाऱ्यांचा रागही खरा होता. कोर्ट, वनखातं, तज्ज्ञ एवढं सगळं असूनही जे निस्तरताना नाकी नऊ आले, ते आपण शनिवारी रात्री जेवणानंतर करणार होतो.

बंदूक नसलेली शिकार

'आपण काय बुवा, सुशिक्षित माणसं, आपण थोडेच शिकार करतो!' असं वाटत असेल तर कोथरूड आठवा. ९ डिसेंबर २०२०. जंगलातून भरकटलेला एक गवा सकाळी महात्मा सोसायटीच्या भागात शिरला. बातमी मोबाइलवरून पसरली आणि माणसं लोटली. कुणी मागे धावलं, कुणी व्हिडिओ काढले. तो बिचारा घाबरून भिंतींना, गेटला धडका देत सुटला. काही तासांनी त्याला भूल देऊन पकडलं, आणि त्याच दिवशी तो मेला. एकही गोळी झाडली गेली नाही. पण हाकारा म्हणजे काय, ते सगळ्या पुण्याने लाइव्ह पाहिलं.

दोनच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, बावधनकडे आणखी एक गवा दिसला. या वेळी गर्दीला आवरलं, त्याला वाट मोकळी ठेवली, आणि तो जंगलात परत गेला. शहर तेच, जनावरही तेच. फरक आपल्या वागण्यात होता.

सातबारा कुणाचा?

तरीही माझं 'नाही' नक्की झालं ते कोथरूडमुळे नाही आणि कायद्यामुळेही नाही. मी मित्राला अगदी साधा प्रश्न विचारला. "शेत कुणाच्या नावावर आहे?"

"बाबांच्या."

"मग काही झालं तर पंचनामा कुणाच्या शेतात होणार?"

तो गप्प बसला.

विचार करा ना. वनखात्याची गाडी आली तर आपण काय करणार? वकील गाठणार, बॉसला 'फॅमिली इमर्जन्सी'चा मेल टाकणार, जामीन मिळाला की पुण्याची वाट धरणार. काका कुठे जाणार? जनावर पडलं त्यांच्या बांधावर, रक्त सांडलं त्यांच्या तुरीत, सातबाऱ्यावर नाव त्यांचं. उद्या पिकाच्या नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन त्यांना त्याच वनखात्याच्या दारात उभं राहायचंय. आणि आपण सात जण गेलो तर ते 'नको' म्हणणार होते का? मुलाचे मित्र, पुण्याहून आलेले पाहुणे! ते आधी चहा टाकायला सांगणार, मग कोंबडी कापायला. नको म्हणायची त्यांना सोयच नाही. म्हणजे आपल्या थ्रिलचं बिल आपण अशा माणसाच्या नावावर फाडणार, जो ते नाकारूही शकत नाही.

मित्राने रात्री घरी फोन केला. काकांना प्लॅनमधलं बंदुकीचं काही माहीतच नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं म्हणे, की यायचं तर या, जागलीला माणूस कमीच पडतंय.

जागल

सातातले चार जण गळाले. बंदूक नाही तर थ्रिल काय, असं त्यांचं म्हणणं. मित्र, मी आणि आणखी एक जण असे तिघेच गेलो.

जागल म्हणजे रात्री शेत राखणं. चार बल्ल्यांवर उभा केलेला माळा, वर ताडपत्री, खाली शेकोटी. हत्यारं दोनच, टॉर्च आणि पत्र्याचा डबा. शेताभोवती जुन्या साड्या बांधलेल्या. वारा आला की त्या फडफडतात आणि जनावर बिचकतं, निदान पहिले काही दिवस. पलीकडच्या शेतात झटका मशीन होतं, त्याची टक-टक रात्रभर ऐकू येत होती. सौर बॅटरीवरचं हे यंत्र तारेत झटका सोडतं, पण जीव घेत नाही. पैसे जमवून ते घ्यायचं काकांच्या मनात आहे. काही जण मात्र थेट लाइनचा करंट तारेत सोडतात, आणि मग त्यात डुक्करच मरेल याची गॅरंटी नसते. कधी माणूस मरतो, कधी वाघ. २०१७ मध्ये नागभीडकडे प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा श्रीनिवास अशाच तारेला चिकटून गेला.

रात्री दीडच्या सुमाराला कुत्री भुंकायला लागली. मग घुर्र-घुर्र असा आवाज आणि हरभऱ्यात काळे ठिपके. आठ, नऊ, दहा. काकांनी डबा बडवला, आम्ही टॉर्च मारत घसा फाटेस्तोवर ओरडलो. डुकरं उधळली ती शेजारच्या शेतात. दोन मिनिटांत तिकडून डबा वाजला. मग त्याच्या पुढच्या शेतातून. तेव्हा लक्षात आलं, डुकरं कुठेच जात नाहीत. सगळं गाव रात्रभर ती एकमेकांच्या शेतात ढकलत असतं.

सकाळी बघितलं तर हरभऱ्याच्या चार तासांत नांगर फिरवल्यासारखी माती उकरलेली. आम्ही हळहळत होतो. काका म्हणाले, आज कमीच आहे. पेरणीपासून काढणीपर्यंत हे रोजचं. रात्री जागल, दिवसा शेतातलं काम. आपल्याकडे नाइट शिफ्ट असली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी तरी असते.

मी त्यांना विचारलं, डुकरं मारावीत असं वाटतं का? म्हणाले, वनखात्याने रीतसर येऊन मारली तर मी आडवा येणार नाही. पण अंधारात गोळी चालली आणि पलीकडच्या माळ्यावरच्या माणसाला लागली तर? तिथेही कुणी तरी जागलीला बसलेलं असतंच. सर्चलाइटवाल्या प्लॅनमध्ये हा माणूस आमच्यापैकी एकालाही दिसला नव्हता.

मारायचं की नाही, हा प्रश्न काकांचा आहे आणि त्यांच्या गावाचा आहे. त्याचं उत्तर द्यायला कायदा आहे, वनखातं आहे, आणि ते उत्तर वेळेवर मिळत नसेल तर त्यासाठी भांडायलाही हवं. शहरातल्या माणसाला तिथे खरंच मदत करायची असेल, तर अर्ज लिहून देता येतो, भरपाईची फाइल कुठे अडली ते विचारता येतं, झटका मशीनसाठी वर्गणी काढता येते. डोक्यामागे काढलेल्या त्या पेट्रोल-मटणाच्या पैशांत त्याचा बराच खर्च निघतो.

चौकट : आमंत्रण आलंच तर

* प्राण्याचं नाव विचारा. 'बायसन टाइप काहीतरी' असं उत्तर आलं तर प्रश्न तिथेच मिटला.
* लेखी परवानगी दाखवा म्हणा. 'ओळख आहे' म्हणजे परवानगी नव्हे.
* बंदूक कुणाची, परवाना कुणाचा, ते विचारा. एकाच्या परवान्यावर दुसऱ्याने बार काढायचा नसतो.
* अभयारण्याची हद्द कुठून सुरू होते, ते माहीत करून घ्या. रात्री तिथे पाटी दिसत नाही.
* शेतमालकाशी स्वतः बोला. त्याच्या मुलाशी किंवा पुतण्याशी नाही.
* गवा बघायचाय? हिवाळा-उन्हाळ्यात दाजीपूर गाठा. गाडीतून उतरू नका, हॉर्न वाजवू नका.
* आणि जागलीला जायचं असेल तर खुशाल जा. स्वेटर घ्या, टॉर्चचे सेल जास्तीचे घ्या. रविवारी दुपारी झोप काढूनच परतीच्या गाडीत बसा, कारण रात्रभर डोळा लागत नाही.